दाढ दुखते, पण दवाखान्याकडे पाय वळत नाहीत

प्रश्न : मी ४६ वर्षांची प्राथमिक शिक्षिका आहे. नऊ वर्षांची असताना तालुक्याच्या गावी माझी दाढ काढली होती. भुलेचे इंजेक्शन देऊन लगेच पकड लावली आणि मी ओरडले तेव्हा दोघांनी माझे हात धरून ठेवले. त्यानंतर मी दातांच्या डॉक्टरांकडे गेलेली नाही. आता उजवीकडची खालची दाढ किडली असून वर्षभर मी डाव्या बाजूनेच जेवते. ठणका लागला की लवंग धरते, कधी गोळी घेते. लेकीने दोनदा वेळ ठरवली, पण जिन्यातच तिथला वास आला, हातपाय गार पडले आणि दोन्ही वेळा मी परत फिरले. या वयात असे घाबरण्याची लाज वाटते. काय करावे?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, यात तुम्ही लाज वाटून घेण्यासारखे काहीही नाही. जबडा बधिर होण्याआधीच पकड लावणे आणि मुलगी ओरडल्यावर थांबण्याऐवजी तिचे हात धरणे, हे त्या दिवशी चुकलेच. दुखले तरी इथे कोणी थांबत नाही, ही गोष्ट तुमच्या मनाने तेव्हा पक्की धरली आणि ती अजून सोडलेली नाही. माझ्याकडे येणाऱ्या घाबरलेल्या माणसांशी बोलताना पुष्कळदा हेच जाणवते की, सुईपेक्षा किंवा यंत्राच्या आवाजापेक्षा खुर्चीवर आडवे झाल्यावर आपल्या हातात काहीच उरत नाही, याचे भय मोठे असते. म्हणून सुरुवात दाढेपासून न करता तिथून करू या.

लेकीला आधी फोन करायला सांगा. लहानपणी काय घडले ते डॉक्टरांना स्पष्ट कळवावे आणि पहिल्या दिवशी फक्त बोलणे, फार तर तपासणी आणि एक्स-रे एवढेच होईल, असे ठरवून घ्यावे. शक्यतो सकाळची पहिली वेळ मागा, म्हणजे बाहेर बसून आतले आवाज ऐकावे लागत नाहीत. डावा हात वर केला की डॉक्टरांनी थांबायचे, हे तर ठरवाच. पण तेवढ्यावर न थांबता तोंडात नुसता आरसा असताना एकदा हात वर करून पाहा. डॉक्टर खरोखर थांबतात हे तुम्हाला स्वतःला दिसले पाहिजे. या मागणीला जे हसतील किंवा ‘काही होत नाही’ म्हणत घाई करतील, त्यांच्याकडेच उपचार घेतले पाहिजेत असे मुळीच नाही.

जिन्यातल्या त्या वासाबद्दलही सांगते. आमच्या दवाखान्यांना येणारा तो विशिष्ट वास बहुधा युजेनॉलचा असतो. ते लवंगेच्या तेलातले मुख्य द्रव्य असून झिंक ऑक्साइडच्या भुकटीत कालवून त्याचे तात्पुरते सिमेंट करतात. घरी जी लवंग दाढेखाली धरून तुम्हाला बरे वाटते, तिचाच तो वास आहे.

आता भुलेविषयी. आज सर्रास वापरले जाणारे लिग्नोकेन १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झाले, म्हणजे तुमच्या लहानपणीही चांगले औषध होते; कमी पडला तो दाढ काढणाऱ्यांचा धीर. हिरडीवर बधिर करणारे जेल लावून एक-दोन मिनिटे थांबले आणि औषध सावकाश सोडले, तर सुईचा त्रास खूपच कमी होतो. खालच्या दाढेसाठी जबड्यात मागच्या बाजूला इंजेक्शन देतात. थोड्या वेळाने त्या बाजूचा ओठ जड, सुजल्यासारखा वाटू लागतो. तसे वाटेपर्यंत काम सुरू करू नका, असे तुम्ही हक्काने सांगा. औषधात बहुधा अ‍ॅड्रेनलिन असते, त्यामुळे क्षणभर छाती धडधडू शकते. ती थोड्याच वेळात शांत होते. भुलेने दुखणे थांबते, पण दाब आणि ओढ कळत राहते, हे आधी ठाऊक असले म्हणजे माणूस दचकत नाही.

एका गोष्टीची मात्र मला काळजी वाटते. दाढेच्या आतला भाग सुजला की तिथली आम्लता वाढते आणि भूल नीट चढत नाही. ठणका असह्य होईपर्यंत थांबणाऱ्याला म्हणूनच जास्त त्रास होतो, आणि मग जुनी भीती खरी ठरल्यासारखी वाटते. दाढ शांत असेल अशाच आठवड्यात जा. तोवर दुखऱ्या जागी गोळी दाबून ठेवू नका, कारण अ‍ॅस्पिरिनने हिरडी भाजते. आपल्याकडे बायका दाढदुखीवर मिश्री लावतात, तीही नको. ती तंबाखूच आहे आणि तिने तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. गालावर सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास, यांपैकी काही दिसले तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

जाताना उपाशी राहू नका, आणि रक्तदाबाची किंवा मधुमेहाची औषधे चालू असतील तर ती सांगा. एवढे करूनही जमले नाही, तर काही ठिकाणी गुंगी आणणाऱ्या वायूची सोय असते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात चौकशी करता येईल.

पहिल्या दिवशी लेकीला आत सोबत घ्या. खुर्चीवर न बसता, दारातल्या बाकावर बसून डॉक्टरांशी दहा मिनिटे बोलून परत आलात, तरी ती भेट झाली असे समजा. फक्त निघण्यापूर्वी पुढची तारीख लिहून घ्या.