‘मॅन बाइट्स डॉग’ला विडंबन म्हणतात, पण त्यात हसण्यासारखं काय आहे?

तुम्ही लिहिलंय की सिनेमा अर्ध्यावर बंद केला, आणि एक माणूस गप्पा मारत मुडदे पाडतो यात विनोद कुठे ते कळेना. बंद केलात त्यात काही वावगं नाही. पण टर त्या खुन्याची उडवलेलीच नाही. ती उडवलीय त्याच्यावर माहितीपट करायला कॅमेरा घेऊन सोबत फिरणाऱ्यांची.

१९९२ चा हा बेल्जियन सिनेमा रेमी बेल्वो, आंद्रे बोन्झेल आणि बेन्वा पूलवूर्द या तिघांनी मिळून केला. खिशात पैसे नव्हते, त्यामुळे सगळा कृष्णधवल. पडद्यावरही तिघं आपापल्या नावानेच वावरतात: बेन खुनी, रेमी दिग्दर्शक, आंद्रे कॅमेरामन. तेव्हा बेल्जियमच्या टीव्हीवर निवेदनाशिवाय, नुसतं माणसाच्या मागे कॅमेरा घेऊन फिरणारे माहितीपट लागायचे. नक्कल आहे ती त्यांची.

म्हातारीचा प्रसंग आठवा. बेन दार वाजवतो आणि टीव्हीवाले आलोत असं सांगतो. सोबत कॅमेरा, माईक, सगळा लवाजमा, मग ती कशाला संशय घेईल? आत गेल्यावर तिचं हृदयविकाराचं औषध त्याच्या नजरेस पडतं. तो तिच्या अंगावर जोरात ओरडतो आणि ती जागीच जाते. मग हा कॅमेऱ्याकडे वळून समजावतो की अशाने बंदुकीची गोळी वाचते. घृणास्पद आहेच, पण ते दार कशामुळे उघडलं? कॅमेऱ्यामुळे. रेमी आणि मंडळींनी अजून बोटसुद्धा उचललेलं नाही, तरी खुनात त्यांचा हात आहे.

पुढची घसरण पायरीपायरीने होते. प्रेतं उचलायला मदत, मग पैसे संपल्यावर सिनेमाला बेनचेच पैसे. साउंडवाला गोळीबारात मरतो तेव्हा रेमी कॅमेऱ्यासमोर हळवं भाषण करतो. पुढचा साउंडवाला मरतो तेव्हा जवळपास त्याच शब्दांत पुन्हा तेच. मी हसलो ते इथे, आणि हसू आल्याचं बरं वाटलं नाही. एका ठिकाणी तर त्यांची गाठ दुसऱ्याच खुन्यावर फिल्म करणाऱ्या दुसऱ्या टीमशी पडते. बिचारे व्हिडिओवर शूट करणारे! त्यांनाही संपवतात.

एरवी फाउंड फुटेज भयपट, म्हणजे पात्रांनीच शूट केल्यासारखे दाखवलेले भयपट, बघताना आपण वैतागतो, अरे, जीव चाललाय, कॅमेरा खाली ठेव की! तिथे ती पटकथेतली गोची असते आणि लेखक काहीतरी थातुरमातुर कारण देऊन वेळ मारून नेतो. इथे कॅमेरा खाली न ठेवणं हाच गुन्हा आहे.

पुन्हा लावणार असाल तर एक सांगतो. उत्तरार्धात बलात्काराचा प्रसंग आहे, त्यात शूटिंगवालेही सामील होतात. युक्तिवाद म्हणून तो कितीही बरोबर असला तरी बघवत नाही, आणि तेवढा भाग पळवून पुढे गेलात तरी मुद्दा सुटत नाही. अमेरिकेत सिनेमाला एनसी-१७, म्हणजे फक्त मोठ्यांसाठीचं सगळ्यात कडक प्रमाणपत्र, मिळालं होतं, ते उगाच नाही.

हे झेपणार नसेल तर २००६ चा ‘बिहाइंड द मास्क: द राइज ऑफ लेस्ली व्हर्नन’ बघा. तिथला खुनी स्लॅशरपटातल्या (एकेकाला गाठून मारणाऱ्या खुन्याच्या भयपटातल्या) मुखवटेवाल्यांसारखं व्हायची तयारी करतोय, चालत असूनही पळणाऱ्याला गाठता यावं म्हणून व्यायामसुद्धा करतो. हसू मोकळेपणाने येतं. शूटिंगवाले त्याच्या विरोधात उभे राहतात तेव्हा डॉक्युमेंटरीचा कॅमेरा बाजूला पडतो आणि चित्रण सरळ नेहमीच्या भयपटासारखं होतं. ते वळण कुठे येतं तेवढं बघा, तिथून पुढे मात्र तो जरा साधाच स्लॅशर उरतो.