कमांडोंच्या हातातली सबमशीनगन एवढी लहान का असते? ती रायफलीपेक्षा जास्त ताकदवान असते का?

ताकदवान नसते. सबमशीनगन म्हणजे पिस्तुलाची गोळी सलग झाडणारी छोटी बंदूक, गोळीच्या जोरात ती रायफलीपुढे कमीच पडते. तरी कमांडो ती का घेतात, हे मी पुतण्याला घरातच दाखवलं होतं. तेच सांगतो.

मी खानापूर तालुक्यातला, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो. ट्रेनिंग बेळगावच्या कॅम्पातच झालं. पुतण्या सध्या भरतीची तयारी करतोय, त्यानंही हेच विचारलं. मी त्याच्या हातात फावड्याचा दांडा दिला. इन्सास रायफल ९६ सेंटिमीटर, दांडा साधारण तेवढाच. म्हटलं, खांद्याला लावून माजघरातून परसात जा, आणि जिकडे बघशील तिकडेच टोक असलं पाहिजे. आमचं घर जुनं कौलारू, चौकटी ठेंगण्या. पहिल्याच वळणावर दांडा चौकटीवर आपटला, पुढं फडताळाला लागला. मग वहिनींचं लाटणं दिलं. पोरगं सरसर परसात पोचलं.

जर्मनीच्या हेकलर अँड कॉख कंपनीची एमपी५के, म्हणजे एमपी५ या सबमशीनगनचा आखूड प्रकार, त्या लाटण्याएवढीच असते, सुमारे साडेबत्तीस सेंटिमीटर, वजन दोन किलोच्या आसपास. तिला खांद्याला टेकवायचा दस्ता नसतो, पुढच्या हातासाठी खाली मूठ असते. विमान, बस, जिना, हॉटेलची खोली, अशा ठिकाणी शत्रू पाच-दहा पावलांवर असतो, तिथं रायफलीचा अर्ध्या किलोमीटरचा पल्ला काय कामाचा?

आम्ही चालवलेली जुनी ९ मिमी कार्बाइन, तीही एक सबमशीनगनच, आटोपशीर होती. डावीकडे आडवं मॅगझिन, दस्ता दुमडणारा. पण तिचा बोल्ट, म्हणजे गोळी नळीत ढकलणारा भाग, मागे अडकलेला असायचा. ट्रिगर ओढला की तो जड लोखंडी ठोकळा खाडकन पुढं जायचा आणि मग गोळी सुटायची. त्या धक्क्यानं पहिलीच गोळी हलायची. ओलीस धरलेला माणूस शेजारी उभा असेल तर पहिली गोळी हलून चालत नाही. १९६६ साली आलेल्या एमपी५ मध्ये बोल्ट आधीच बंद असतो, आणि त्यातले दोन छोटे रोलर तो मागे जायला क्षणभर उशीर लावतात. त्यामुळं नेम टिकतो, झटकाही हलका. १९८० मध्ये लंडनच्या इराणी दूतावासातल्या कारवाईत एसएएस या ब्रिटिश कमांडो पथकाच्या हातात हीच गन होती. आपल्या एनएसजी कमांडोंकडेही ती आहे.

आता उणी बाजू. आखूड नळीतून ९ मिमीची गोळी सेकंदाला जेमतेम पावणेचारशे मीटर जाते, इन्सासची नऊशेच्या आसपास. चांगल्या बुलेटप्रूफ जॅकेटपुढं ९ मिमी अडते. म्हणून हेकलरनंच पुढं एमपी७ साठी ४.६ मिमीची बारीक, वेगवान गोळी काढली. उघड्या माळावर, डोंगरात मात्र मी आजही रायफलच घेईन.

आणि एक गोष्ट अभिमानानं सांगतो. पुण्याच्या एआरडीई या शस्त्रं बनवणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेनं आणि महूच्या इन्फंट्री स्कूलनं मिळून ‘अस्मी’ ही अशीच छोटी, ९ मिमीची मशीन पिस्तूल चार महिन्यांत तयार केली, २०२१ च्या जानेवारीत ती जाहीर झाली. तिची रचना लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांची. वरचा भाग विमानाच्या दर्जाच्या ॲल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा, आणि ट्रिगरचे भाग थ्रीडी प्रिंटिंगनं केलेले. एका नगाचा खर्च पन्नास हजारांच्या आत बसेल असा तेव्हाचा अंदाज होता.