बुलडॉगचे पिल्लू घेताना त्याचा स्वभाव कसा पारखावा?

आपण विचारले आहे की इंदूरमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, घरी सत्तरीचे आईवडील आणि सहा वर्षांची मुलगी असलेल्या कुटुंबाने इंग्लिश बुलडॉगचे शांत पिल्लू कसे निवडावे. मी याच शहरात बरीच वर्षे बुलडॉग पाळत आलो आहे आणि ओळखीच्यांबरोबर पिल्ले पाहायलाही जातो, त्या आधारावर लिहितो.

बुलडॉगच्या पिल्लात दिसणारा शांतपणा हा दरवेळी स्वभावच असतो असे नाही. पुष्कळदा ती नुसती धाप असते. आखूड तोंड, अरुंद नाकपुड्या आणि घशाकडे लोंबणारी जादा लांब टाळू यांमुळे या जातीतील अनेक कुत्र्यांना श्वास घेणे हेच कष्टाचे काम होऊन बसते, आणि ज्या पिल्लाला श्वास पुरत नाही ते जरासे खेळून कोपऱ्यात जाऊन बसते. पाहणारा म्हणतो, ‘किती गुणी आहे!’ म्हणून पिल्ले खाऊन झोपलेली असताना पाहू नयेत, ती हुंदडत असताना जावे आणि खेळ थांबल्यावर जवळ बसून त्यांचा श्वास ऐकावा. नाकपुड्या समोरून उघड्या दिसल्या पाहिजेत. त्या चिरेसारख्या असतील आणि श्वास आत घेताना आणखी मिटत असतील, तर ‘या जातीत घरघर असतेच’ हे ब्रीडरचे उत्तर ऐकून घ्यावे आणि पिल्लू खाली ठेवावे. कुत्रा आपले अंग मुख्यतः धापा टाकूनच थंड करतो. नवतपात, म्हणजे मे अखेरीस येणाऱ्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा अशा कुत्र्याचा जीव धोक्यात येतो, आणि त्रासलेला कुत्रा चिडचिडाही होतो. नाक चांगले असले तरी उन्हाळ्यात एसी लागणार, हे खर्चात धरूनच ठेवा.

यानंतर पिल्लाकडे नव्हे, त्याच्या आईकडे पाहावे. डोके मोठे आणि मादीची कंबर अरुंद असल्यामुळे बुलडॉगची बहुतेक बाळंतपणे सिझेरियननेच होतात, आणि ‘ऑपरेशन झालेले आहे, तिला त्रास नको’ असे सांगून काही जण आई दाखवतच नाहीत. पिल्ले सात-आठ आठवड्यांची होईपर्यंत ती जखम सहसा केव्हाच भरून आलेली असते, तेव्हा हे कारण मान्य करू नये. परका माणूस आल्यावर आईने आधी जरा दुरून पाहिले तरी हरकत नाही, पण मालक शेजारी बसलेला असूनही ती सतत गुरगुरत असेल किंवा पलंगाखालून बाहेरच येत नसेल, तर त्या वेतातले एकही पिल्लू मी तरी घेणार नाही.

सात आठवड्यांच्या पिल्लावर केलेल्या चाचण्यांवरून मोठेपणीचा कुत्रा फारसा ओळखता येत नाही, त्यामुळे त्यांना गुण देत बसण्यात अर्थ नाही. दोन गोष्टी मात्र आवर्जून पाहाव्यात. एक म्हणजे थोड्या अंतरावर स्टीलची वाटी पाडावी. पिल्लू दचकणारच, पण थोड्या वेळाने ते वाटी हुंगायला येते का, हे महत्त्वाचे आहे. दुसरी म्हणजे बोटाला ओला कापूस गुंडाळून नाकाच्या वरची घडी हळूच पुसून पाहावी. बहुतेक पिल्ले मान झटकतात, वळवळतात आणि मग सैल पडतात. एखादे मात्र ताठ होऊन बोटाकडे डोळे वटारते. चेहऱ्याच्या आणि शेपटीखालच्या घड्या जन्मभर, बहुधा रोज, पुसाव्या लागतात, आणि ते काम दुपारी आपल्या आईवडिलांकडेच येणार आहे. जेवणाच्या वेळीही थांबा. भावंडे जवळ येताच जे भांड्यावर ताठ उभे राहून गुरगुरते, ते लहान मुलीच्या घरी नको. सगळ्यांना ढकलून सर्वांत आधी अंगावर चढणारे पिल्लूही टाळावे. ‘त्यानेच आम्हाला निवडले’ असे लोक कौतुकाने सांगतात खरे, पण पुढे तोच दांडगा 23-25 किलोचा होतो आणि वृद्धांच्या गुडघ्यांवर आदळतो.

2017 च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. पाच आठवड्यांचे पिल्लू ‘लवकर लळा लागतो’ म्हणून कोणी पुढे केले तर नकार द्यावा, कारण दात किती जोराने लावायचे हे ते भावंडांबरोबर खेळतानाच शिकते. नुसत्या ‘बुलडॉग’ या नावावरही जाऊ नये. अमेरिकन बुलडॉग हा वेगळा, बराच उंच आणि जोरकस कुत्रा आहे, तो आपल्या फ्लॅटसाठी नाही. पैसे देण्याआधी तपासणीत श्वासाचा किंवा हृदयाचा दोष निघाल्यास पिल्लू परत घेण्याची अट लिहून घ्यावी, आणि तपासणी ब्रीडरच्या नव्हे, आपल्या पशुवैद्याकडून करून घ्यावी. महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालयही इंदूरहून जवळच आहे.

आपल्या घरासाठी मला विचाराल तर पिल्लापेक्षा दोन-तीन वर्षांचा, कोणी शहर सोडताना देऊ केलेला बुलडॉग मी आधी शोधेन. त्याचा श्वास आणि स्वभाव दोन्ही तोवर उघड झालेले असतात, आणि आईवडील व मुलगी यांना घेऊन तीन-चारदा भेटायला गेले की त्याचे घरातल्यांशी जमते की नाही हे बहुतांशी कळून येते. लिफ्ट बंद पडण्याचा प्रकार आपल्या इमारतीत होत असेल, तर तेवढे वजन तीन मजले उचलून नेणारे घरात कोणी आहे का, हेही त्याच वेळी ठरवून घ्यावे.