सीए आहे, न्यू जर्सीला जातेय, सीपीए लायसन्स कसं मिळेल?

ताई, तुम्ही विचारलंय की नाशिकला सीए म्हणून काम करताय, मिस्टरांचा एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, झालाय, तर इथे अमेरिकेत आल्यावर सीए दाखवून डायरेक्ट सीपीए, म्हणजे इथल्या सीएचं, लायसन्स मिळेल का. नाही मिळत हो. आपल्या आयसीएआयचे, म्हणजे सीएंच्या संस्थेचे, ऑस्ट्रेलियातल्या संस्थांशी करार आहेत तसा अमेरिकेशी नाही, त्यामुळे सीपीए परीक्षेचे चारही पेपर द्यावेच लागतात.

पण परीक्षेचं टेन्शन नंतर, आधी ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषय आणि मार्कांचा अधिकृत उतारा, काढा, तेही भारतात असतानाच. बीकॉमचं विद्यापीठातून, सीएचं आयसीएआयकडून. घरातल्या मार्कशीटची झेरॉक्स चालत नाही, विद्यापीठाने सील केलेलं, तोंडावर सही-शिक्का असलेलं पाकीट लागतं, ते चुकूनही फोडू नका. इथून भावाला नाहीतर सासऱ्यांना विद्यापीठाच्या खेपा घालायला लावणं म्हणजे त्यांचे फार हाल होतात, बघितलंय मी.

लायसन्स राज्याचं बोर्ड देतं आणि प्रत्येकाचे नियम वेगळे. आतापर्यंत सगळीकडे १५० क्रेडिट (कॉलेजचा अभ्यास मोजायचं इथलं माप) लागायचे, आपलं तीन वर्षांचं बीकॉम एकटं त्यात कमी पडतं आणि सीएचे क्रेडिट धरतात की नाही ते राज्यावर. आता ओहायोने सुरुवात केल्यावर बऱ्याच राज्यांनी पदवी अधिक दोन वर्षं अनुभव असाही रस्ता काढलाय, म्हणून जुने यूट्यूब व्हिडिओ बघून राज्य ठरवू नका, बोर्डाची साइट वाचा.

पेपरचं म्हणाल तर २०२४ पासून तीन कंपल्सरी, ऑडिट, फायनान्शियल रिपोर्टिंग आणि टॅक्सचा रेग नावाचा पेपर, चौथा वेगळ्या तीन पर्यायांतून निवडायचा. पासिंग ७५. ऑडिट तुम्हाला जड जाणार नाही. रिपोर्टिंगमध्ये मात्र हात सवयीने चुकतो, आपल्याकडे लिफो (शेवटी आलेला माल आधी विकला असं धरून साठा मोजणं) चालत नाही इथे चालतं, आणि जमीन-इमारत रिव्हॅल्यू करून वाढवायची आपली मुभा इथे नाही. रेगला अमेरिकन टॅक्स अगदी कोरा अभ्यास आहे, त्याला जास्त वेळ ठेवा. मुंबईतही सेंटर आहे, शक्य तर एकदोन पेपर देऊनच या.

आणि एक, एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर, परीक्षा देता येते पण नोकरी नाही. त्यासाठी ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, लागतो आणि तो मिळायला साधारणपणे मिस्टरांचं आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज, मंजूर असावं लागतं, आणि नोकरीशिवाय अनुभव नाही, अनुभवावर लायसन्सधारक सीपीएची सही लागते. म्हणून ऑफर घेतानाच मिस्टरांना कंपनीला विचारायला सांगा, ग्रीन कार्डची फाइल कधी सुरू करणार ते.