संगीत मासिकाची अनुक्रमणिका : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : मास मीडियाच्या प्रकल्पासाठी आमचा गट मराठी संगीत मासिकाचा नमुना अंक करतो आहे. इंग्रजी मासिकांची अनुक्रमणिका समोर ठेवून तशीच मांडणी केली, पण पान गिचमिड दिसतं. असं का होतं?

उत्तर : मांडणीचा सांगाडा इंग्रजीतून घ्यायला हरकत नाही. ए४ पानाचे चार स्तंभ पाडा, दोन-अडीच स्तंभ फोटोंना द्या. एक फोटो मोठा, दोन-तीन लहान; सगळे सारख्याच आकाराचे असले की नजर कुठेच ठरत नाही. प्रत्येक फोटोवर त्या लेखाचा पान क्रमांक हवाच. रंग मुखपृष्ठावरचेच, फार तर तीन. ब्रिटनच्या ‘क्यू’ मासिकाची (१९८६ ते २०२०) ओळख असलेला लाल रंग आतही दिसायचा, त्यामुळे मासिक कुठूनही उघडलं तरी ओळखू यायचं. विशेष लेख आणि नेहमीची सदरं वेगळी ठेवा. मुखपृष्ठकथा पान ४२ वर असली तरी यादीत सगळ्यात वर.

गिचमिड होते ती अक्षरांमुळे. इंग्रजीत मथळा कॅपिटलमध्ये टाकला की तो आपोआप वेगळा उठतो. देवनागरीत ती सोय नाही, म्हणून फरक आकार आणि जाडीतूनच दाखवावा लागतो. पान क्रमांक २४ ते ३० पॉइंट (पॉइंट म्हणजे अक्षराच्या आकाराचं माप), मथळा १४ पॉइंट ठळक, खालची माहिती ९ पॉइंट साधी आणि तीही पंधरा शब्दांच्या आत. इंग्रजीत ९ पॉइंटच्या मजकुराला ११ चं ओळअंतर चालतं, मराठीला १३ द्या. नाहीतर वरच्या ओळीतल्या ‘सूर’चा ऊकार खालच्या ‘मार्ग’च्या रफारावर आदळतो. मथळा पसरट दिसावा म्हणून अक्षरांमधलं अंतरही वाढवू नका, शिरोरेघ तुटते.

प्रश्न : इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टाकला की जोडाक्षरं फुटतात आणि वेलांटी भलतीकडे जाते.

उत्तर : परिच्छेदाच्या मेनूत ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडा. मजकूर जुन्या, युनिकोड (अक्षरं सगळ्या संगणकांवर सारखीच वाचली जावीत यासाठीची प्रमाण पद्धत) नसलेल्या फाँटमधला असेल तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. फाँट म्हणून मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ सुचवू : मोफत आहे आणि सात जाडींमध्ये मिळतो, त्यामुळे वर सांगितलेला फरक एकाच फाँटमध्ये साधतो.

प्रश्न : आमचा अंक शास्त्रीय संगीताचा आहे. ‘एनएमई’ या ब्रिटिश संगीत नियतकालिकात असायची तशी कलाकारांची वेगळी सूची द्यावी का?

उत्तर : जरूर द्या. अंकात कोण कोण आहे हेच वाचक आधी शोधतो. कडेचा एक अरुंद स्तंभ पुरतो : नाव आणि पान क्रमांक, बाकी काही नको. अकारविल्हे मात्र पहिल्या नावाने लावा. भीमसेन जोशींना वाचक ‘भी’मध्ये शोधतो, ‘जो’मध्ये नाही.

प्रश्न : छापून आल्यावर पान क्रमांक चुकलेले निघाले.

उत्तर : बहुतेक वेळा शेवटच्या क्षणी एखादी जाहिरात आत येते आणि पुढची सगळी पानं सरकतात. मध्ये पिन मारलेल्या अंकाची पानं चारच्या पटीत लागतात, तेव्हा एका पानाची भर पडली तरी जुळवाजुळव करावी लागते. मुखपृष्ठ पान १ धरायचं की नाही हे पहिल्याच दिवशी ठरवा. अनुक्रमणिकेतले आकडे सगळ्यात शेवटी भरा आणि छापखान्यात जाणाऱ्या पीडीएफमध्ये एकेक पान उघडून पडताळा.