धुराडे दुकानदाराचे, गच्ची सोसायटीची, गळती मात्र माझी

प्रश्न: ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या जुन्या सोसायटीत मी सगळ्यात वरच्या मजल्यावर राहते. तळमजल्यावर फरसाणाचे दुकान आहे. त्याच्या भट्टीचे पत्र्याचे धुराडे मागच्या बंद डक्टमधून वर येते आणि गच्चीचा स्लॅब पार करून बाहेर पडते, नेमके माझ्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यावर. तीन पावसाळे झाले, तो कोपरा गळतोय. छताचे पोपडे ओट्यावर पडतात. सेक्रेटरी म्हणतात, धुराडे दुकानदाराचे, त्याने बघावे. दुकानदार म्हणतो, गच्ची सोसायटीची. वैतागून मी एप्रिलपासून मेन्टेनन्स थांबवला, तर आता थकबाकीची नोटीस आली आहे. दुरुस्ती नक्की कोणाची? ते धुराडेच काढायला लावता येईल का?

उत्तर: ताई, आधी मेन्टेनन्स भरून टाका, याच आठवड्यात. तुमचा राग रास्त आहे, पण हा मार्ग तुमच्यावरच उलटतो. थकबाकीवर उपविधींत, म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नियमांत, ठरलेल्या दराने सरळव्याज लागू शकते आणि सहकार कायद्याच्या कलम 154 ब-29 खाली वसुलीचा दाखलाही निघू शकतो. त्याहून वाईट म्हणजे पुढच्या प्रत्येक सुनावणीत कमिटी गळतीवर एक अक्षर बोलणार नाही, फक्त ‘या थकबाकीदार आहेत’ एवढेच म्हणेल. चेकसोबत दोन ओळींचे पत्र द्या: गळतीबाबतचे माझे सर्व हक्क राखून ही रक्कम भरत आहे.

आता मुख्य मुद्दा. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत, सोसायटीने स्वखर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी आहे. 2014 च्या मसुद्यात ती 159 (अ) मध्ये येते. तुमच्या सोसायटीचे उपविधी जुने असतील तर क्रमांक वेगळा असेल, म्हणून मजकूर वाचा. त्यात गच्ची आणि कठडे आहेत, छपराची संरचनात्मक दुरुस्ती आहे, पावसाच्या पाण्यासकट सगळी गळती आहे. शिवाय गच्चीतून पाणी झिरपून वरच्या मजल्याच्या छताचे आणि गिलाव्याचे जे नुकसान होते, त्याची दुरुस्तीही सोसायटीचीच आहे. हा शेवटचा भाग कोणतीच कमिटी सभेत मोठ्याने वाचत नाही. स्लॅबला भोक कोणी पाडले, हा प्रश्न सोसायटी आणि दुकानदार यांच्यातला. सोसायटीने आधी तुमची गळती थांबवावी, मग हवे तर खर्च त्याच्याकडून वसूल करावा. तो वाद मिटेपर्यंत तुम्ही पातेली लावून बसायचे, असे उपविधी कुठेही म्हणत नाहीत.

हे सगळे झाले पाणी पावसाचे असेल तर. इथे जरा थांबून डाग नीट पाहा. एका अशिलाच्या छतावर तपकिरी ओघळ होते आणि सगळे त्याला पावसाची ओल म्हणत होते. पण ओघळ जानेवारीतही ताजे असायचे. ती भट्टीची वाफ होती. गार पत्र्यावर तिचे पाणी होई आणि धुराड्याच्याच एका सैल सांध्यातून तेलकट होऊन खाली उतरे. डागावर टिश्यू पेपर दाबा आणि वाळू द्या. पाणी असेल तर कागद पूर्वीसारखा होईल, तेल असेल तर डाग पारदर्शक राहील. तेल निघाले तर दोष धुराड्याचा आणि जबाबदारी बरीचशी दुकानदाराकडे सरकते. कधी दोन्ही असते, म्हणून तक्रारीत दोघांनाही धरा. कोणत्या तारखेला किती पाऊस होता आणि कोपरा कसा होता, याची वही ठेवा. मोबाईलमधले फोटो कोर्टात द्यायचे झाले तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र सोबत लागते. तेव्हा मूळ फोटो आणि शक्य तर तो फोनही जपून ठेवा.

पत्रात नुसते ‘गळती बंद करा’ लिहू नका. कमिटी डांबराचा डबा पाठवील, फोटो काढील आणि ‘दुरुस्ती केली’ म्हणून मोकळी होईल. भट्टी पेटली की पत्रा तापून वाढतो, विझली की आखडतो. स्लॅब तेवढा हलत नाही. त्यामुळे दोघांच्या मध्ये भरलेले सिमेंट किंवा डांबर सुटते आणि केसाएवढ्या फटीतून पाणी शिरते. काम नीट करायचे तर भोकाभोवती गच्चीच्या तयार पृष्ठभागापासून निदान सहा इंच उंच गट्टा बांधायचा, गच्चीचे वॉटरप्रूफिंग वाटा (कोपऱ्यात गोलसर उतार) करून गट्ट्यावर वरपर्यंत न्यायचे आणि धुराड्याला पत्र्याची झालर बसवायची. ही झालर छत्रीसारखी गट्ट्यावरून खाली उतरते, पण गट्ट्याला चिकटवलेली नसते, म्हणून पत्रा मोकळा हलू शकतो. स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून पाहणी करून हेच त्याच्या अहवालात घ्या आणि अहवाल पत्राला जोडा. त्याची फी खिशातून जाईल, पण पुढे सगळ्यात कामाला येईल तो हाच कागद.

पत्राला पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर ठाण्यातल्या सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे सहकार कायद्याच्या कलम 79 (2) खाली अर्ज करा. उपविधींप्रमाणे करायचे काम सोसायटी करत नसेल तर निबंधक ते दुसऱ्याकडून करवून खर्च सोसायटीच्या माथी मारू शकतात. मात्र ‘सहकार न्यायालयात जा’ असे लिहून फाईल बंद होण्याची शक्यताही धरून चाला. तसे झाले तर कलम 91 खाली सहकार न्यायालयात दावा लावा. सोसायटीबरोबरच दुकानाच्या सभासद मालकालाही पक्षकार करा. कलम 95 खाली अंतरिम आदेश मागता येतो, म्हणजे निकालाआधीच दुरुस्ती सुरू करण्याची मागणी करता येते. गळतीने स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या कुजल्या असतील तर त्यांची भरपाईही तिथेच मागा, पण बिले हवीत.

स्वतः गवंडी लावून काम उरकण्याचा मोह होईल. गच्ची सोसायटीची आहे, लेखी परवानगीशिवाय तिला हात लावलात तर तक्रारदार तुम्ही आणि आरोपीही तुम्हीच. परवानगी मागा, दोन कोटेशन जोडा. नकार आला तर तो नकारच पुरावा होतो.

धुराडे काढण्याबद्दल मी फारशी आशा दाखवणार नाही. सोसायटीने पूर्वी ठराव करून परवानगी दिली असेल तर ते हटवणे कठीण आहे. म्हणून आधी त्या ठरावाची आणि महापालिकेच्या मंजूर नकाशाची नक्कल मागा. परवानगीच नसेल तर महापालिकेकडे महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 260 खाली अनधिकृत कामाची तक्रार करता येते. पण त्या वाटेला वेळ लागतो आणि तोवर पाणी टपकतच राहते. दुरुस्ती आणि धुराडे हटवणे, या दोन्ही मागण्या एकाच अर्जात घालू नका.

सध्या, पाऊस चालू असेपर्यंत, धुराड्याभोवती ताडपत्री लावायची लेखी विनंती करा. गरम पत्र्याला ती चिकटणार नाही एवढी लांब ठेवायला सांगा, नाहीतर वितळून दुसराच वाद सुरू होईल. सेक्रेटरी पत्राची पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोहोचल्याचा ट्रॅकिंगचा कागद छापून वहीला टाचा.