राजम्याला भुंगा का नाही लागला?

प्रश्न : नमस्कार, मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते. यंदाच्या पावसाळ्यात डॉलर चणा, मूग, चवळी सगळ्याला भुंगे लागले, चाळून चाळून जीव गेला, पण त्याच कपाटातला राजमा जसाच्या तसा, फक्त दाण्यांवर पांढरे ठिपके दिसतात. सासूबाई म्हणतात यात नक्की पावडर मारलीये, टाकून दे. नणंदेने साताऱ्याहून वाघ्या घेवडाही पाठवलाय, तो कसा ठेवू?

उत्तर : ताई, राजमा टाकू नका! ते ठिपके म्हणजे भुंग्याची अंडी. तुमच्या चवळीतलीच मादी राजम्यावर बसते, अंडी चिकटवते, अळी निघून दाणा पोखरायला लागते आणि तिथेच उपाशी मरते, कारण राजम्यात एक प्रोटीन असतं जे या अळीला स्टार्च पचूच देत नाही. खाते पण अंगी लागत नाही. पावडर नसली तरी असंच होतं हो, त्यामुळे बिचाऱ्या दुकानदारावर लगेच संशय नको. चवळी-मुगात मात्र तिला अडवणारं काही नाही, उकाड्यात महिन्याभरात नवी पिढी तयार.

पण म्हणून राजमा कुठेही टाकून ठेवला तरी चालेल असं समजू नका. हे पीक मूळचं अमेरिका खंडातलं आणि तिकडचे दोन भुंगे याच दाण्यावर पोसलेत, त्यांना आपल्या भुंग्याला अडवणारं हे प्रोटीन काही करत नाही. कोलंबियातल्या संशोधकांनी लागवडीच्या हजारो जाती तपासल्या, म्हणावा तसा टिकाव धरणारी सापडेना. शेवटी सापडली ती मेक्सिकोतल्या जंगली घेवड्यात! त्यातल्या प्रोटीनला तिथल्या आर्सेलिया गावावरून आर्सेलिन नाव दिलं, आणि मग संकर करून ते लागवडीच्या वाणांत आणलं. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण जंगलातला तो बारीक दाणा कुणी गोळा करून जपला नसता तर हा गुण हातातून गेला असता. पण आर्सेलिन दोघांपैकी एकालाच नीट रोखतं, दुसऱ्यावर फारसं चालत नाही. तेव्हा बाजारात लाल, चित्रा, काश्मिरी काहीही घ्या, रंगावरून कीड लागेल की नाही ते ठरत नाही.

वाघ्या घेवडा म्हणजे राजम्याचाच भाऊ (आणि श्रावण घेवडा म्हणजे याच जातीच्या कोवळ्या शेंगा). खायचाच आहे तर कडकडीत वाळवा, गार झाला की पिशवीत बांधून 4 दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवा, अंडी-अळी सगळं मरतं, मग काढून पिशवी न उघडता आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या नाहीतर दाण्याला पाणी सुटतं, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. फ्रीझरमध्ये जागा नसेल तर डबा सकाळ-संध्याकाळ चांगला हलवत जा. त्या दोन भुंग्यांपैकी एकाची अंडी दाण्याला चिकटत नाहीत, सुटी पडतात, आणि त्याच्या अळीला आत शिरायला शेजारच्या दाण्याला टेकून तासन्‌तास पोखरावं लागतं, हलवलं की तिचा टेकू जातो.

ठिपक्यांचा राजमा चोळून धुवा, रात्रभर भिजवा, तरंगणारे दाणे काढून टाका. भिजवलेलं पाणी फेका आणि नव्या पाण्यात निदान 10 मिनिटं खळखळून उकळू द्या, कुकर लावलात तर प्रश्नच नाही. कच्चा किंवा अर्धवट शिजलेला राजमा आपल्यालाही बाधतो, उलट्या होतात, त्यामुळे नुसता मंद आचेवर ठेवू नका.